पाण्यावरच्या कण्या

"हीसुद्धा मादीच," प्रिन्सी म्हणाली. "महिन्याभरात सत्तावीस फुलं बघितली, अंकल. एकही नर नाही."

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिने हातातलं लांब पान परत खाली सोडलं. पाण्याच्या तळापासून वळणं घेत आलेल्या देठाच्या टोकाला इवलंसं फूल होतं. ते पाण्याच्या वर येऊन थांबलं.

सॅन्टन काठावर उकिडवा बसला होता. "मादी तर मादी. नाव लिही आणि मोकळी हो, बाय."

"नर फूल बघितल्याशिवाय नाव देता येत नाही. अशीच दिसणारी साधी जात गावोगाव सापडते. फरक कळतो तो नर फुलातच."

प्रिन्सी याच निर्मळ गावची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिचा कागद सोमवारपर्यंत रस्त्याच्या ऑफिसात पोचायला हवा होता. ही दुर्मीळ पाणवनस्पती इथे आहे असं त्यात असलं, तर नवा रस्ता अख्खी वाडी सोडून बाहेरून जाणार होता. नाही तर सॅन्टनचं बावखल बुजणार होतं. आजोबांनी खणलेलं हे गोड्या पाण्याचं तळं. सॅन्टनच्या केळी त्यावर जगल्या, दोन पोरी त्यावर शिकल्या. सत्तराव्या वर्षी ते मातीखाली गेलेलं बघायची त्याची तयारी नव्हती. रात्री झोप लागत नव्हती त्याला.

खरं म्हणजे ते अर्धंच बावखल होतं. एकोणीस वर्षांपूर्वी भावांची वाटणी झाली. सॅन्टन आणि धाकट्या इग्नेशियसने बाग वाटली, भांडी वाटली, आणि तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून पाण्यातही भिंत घातली, पुरुषभर उंच. तेव्हापासून बोलणं बंद. चर्चमध्ये एक उजवीकडे बसतो, दुसरा डावीकडे. फादरनी दोनदा समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"रस्त्याची रेषासुद्धा बरोब्बर माझ्याच बाजूने आखली," सॅन्टन म्हणाला. "त्याचं वाचतंय. नशीब एकेकाचं."

भिंतीपलीकडे डंपर घरघरत होता.

"तीन दिवस धूळ खातोय आम्ही. पोराला बंगला बांधतोय म्हणे."

सॅन्टनची बायको थेरेसा चहा आणि बशीत सुकेळी घेऊन आली. बशी ठेवता ठेवता तिने काठाकडे नजर टाकली. "आपल्या काठावरच्या त्या रस्त्याच्या लाल खुंट्या कुठे गेल्या हो?"

"ऑफिसवाल्यांनी काढल्या असतील. मॅडम रोज पाण्यात उतरतात म्हटल्यावर टरकले." सॅन्टन पहिल्यांदाच हसला.

"तुम्हाला टरकून कोणी खुंटी काढायचं नाही. म्हैस तेवढी काढेल," थेरेसा म्हणाली.

प्रिन्सी बाहेर येऊन चहा घेत बसली. सॅन्टनने सहज विचारलं, "दिसतं तरी कसं ते नर फूल? कुठे बघितलं तर सांगेन."

"फार बारीक असतं. खाली झाडावरून तुटतं आणि वर येऊन तरंगतं. पाण्यावर पांढऱ्या कण्या सांडल्यासारखं. मग पाणी नेईल तिकडे जातं. मादी फुलाला जाऊन टेकलं की बी धरतं."

थेरेसाने नवऱ्याकडे पाहिलं. "सांगा आता तिला."

सॅन्टनने बशी प्रिन्सीपुढे सरकवली.

"यांच्याने सांगवायचं नाही. मी सांगते. भिंतीच्या बुडाशी मूठभर भोक आहे, दोन्हीकडचं पाणी सारखं राहायला. दर थंडीत त्यातून या कण्या आपल्याकडे येतात. हे म्हणतात, इग्नेशियसची घाण. दिवाळीत तू येणार असं कळलं, तेव्हा यांनी धोंड्याला गोणपाट गुंडाळलं आणि भोक बुजवलं. पाहुणी येणार, पाणी कसं स्वच्छ दिसलं पाहिजे."

प्रिन्सीने कप खाली ठेवला. "तेव्हा उघडं असतं, तर पहिल्याच आठवड्यात कागद गेला असता, अंकल."

सॅन्टन पाण्यात उतरला. भिंतीपाशी वाकून त्याने दोन्ही हातांनी गोणपाट ओढलं. ते सुटलं. भोकातून लाल गढूळ पाणी आलं, थोडा वेळ आलं आणि थांबलं. कणी एकही नव्हती.

"बांधकामाची माती असेल," तो म्हणाला.

ओल्या कपड्यांनीच तो गल्लीतून वळसा घालून गेला. मागे प्रिन्सी. इग्नेशियसच्या फाटकाशी त्याचे पाय अडले. एकोणीस वर्षांत त्याने ती कडी सरकवली नव्हती. इथे हात पसरायचा, तोही आपल्या पाण्यासाठी, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने कडी काढली.

आत बंगला नव्हता. वीट नव्हती, रेती नव्हती. भिंतीपासून केळीच्या पहिल्या ओळीपर्यंत ताजी लाल माती सपाट पसरली होती. रिकामा डंपर मागच्या वाटेने निघाला होता. उलट्या घातलेल्या टोपलीवर इग्नेशियस एकटाच बसला होता.

प्रिन्सी मातीच्या कडेला खाली बसली आणि बसूनच राहिली.

"विकलंस?" सॅन्टन म्हणाला. "आजोबांचं पाणी विकलंस तू?"

इग्नेशियस उठला. थोरल्या भावासमोर बसून बोलायची रीत त्या घरात नव्हती.

"विकलं नाही. ऑफिसात म्हणाले, त्या बाईंचा कागद काही येत नाही. भिंतीच्या या बाजूचं किंवा त्या बाजूचं, एक जाणारच. खुंट्या तुझ्याकडे होत्या." त्याने तळहाताची माती सदऱ्याला पुसली. "मी म्हटलं, दादाचं राहू दे, माझं घ्या."