काल काय केलंत?

खुर्चीचा हात चिकट होता. आजीने बोटं चोळून पाहिली, वास घेतला आणि नाक मुरडलं. कुणीतरी गोड खाऊन तिथे हात पुसले होते, आणि त्यालाही बरेच दिवस झाले असावेत. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले. आता कशालाही शिवायचं नाही.

समोर फळ्यापाशी मास्तर उभा होता. नातीसाठी सुचवलेला मुलगा तो हाच. खडूची भुकटी त्याच्या भुवयांपर्यंत पोचली होती. फळा पुसायचं फडकं ओलं आणि कुबट. त्याच फडक्याने त्याने कपाळावरचा घाम टिपला. मध्यस्थ म्हणाला होता, इंग्रजीचा वर्ग इतका जोरात चालतो की बसायला जागा मिळत नाही. वर्ग भरलेला होता खरा. पण एक खुर्ची दुसरीसारखी असेल तर शपथ. एका बाईच्या पायाशी भाजीची पिशवी, एकाच्या गळ्यात शिंप्याची टेप. पहिल्या बाकावर पोट सुटलेला घरमालक काडीने दात कोरत बसलेला. ही खोली माझ्या मालकीची, हे त्याने जिन्यातच सांगून टाकलं होतं. कोरलं की काडी न्याहाळायचा, आणि पुन्हा कोरायचा.

नात शेजारी मान खाली घालून बसली होती. आजीची सगळी ऐट हिच्या जोरावर. पोर आईवेगळी, आजीनेच वाढवलेली, शिकवलेली. आमची मुलगी इंग्रजी घेऊन पदवीधर झालीय, फाडफाड बोलते, हे आजीने मध्यस्थाचे कान किटेपर्यंत ऐकवलं होतं. फोनवर नात 'यस, यस, ओके' करू लागली की आजी शेजारणीला खुणेनेच गप्प करायची. आज मात्र घरून निघतानाच पोरीचं डोकं दुखायला लागलं होतं. तिथे मला कुणी इंग्रजीत काही विचारू नये, एवढं बघ, म्हणाली.

"शिकवा की," आजी मास्तराला म्हणाली. "आम्ही काय भिंती बघायला आलोय?"

मास्तर शिकवू लागला. आज भूतकाळ होता. घडून गेलेलं सांगायचं तर इंग्रजीत क्रियापदाला मागून शेपूट लागतं, म्हणाला. काहींना शेपूट लागत नाही, त्यांचं तोंडच बदलतं. मग सगळा वर्ग ओरडायला लागला. गो-वेंट, ईट-एट, कम-केम. एकाचं एक, दुसऱ्याचं भलतंच, आणि वर तोंडांचे वास. आजीला शिसारी आली. खाल्लं ते खाल्लं. तेवढ्यासाठी शब्दाला तोंड फिरवायला लावणारी भाषा, आणि ती शिकवून पोट भरणारा हा माणूस.

त्याची एक पद्धत होती. प्रत्येकाने उभं राहून काल काय केलं ते इंग्रजीत सांगायचं. रचलेलं चालायचं नाही, घडलेलंच हवं. खरं असलं की जिभेवर लवकर बसतं, म्हणे. त्याने भाजीच्या पिशवीवाल्या बाईला खूण केली. तिचे ओठ मघापासून हलत होते. ही पढवून आणलीय, हे आजीने तेव्हाच ओळखलं.

"ती नको," आजी म्हणाली. "हे दातकोरे उठू देत."

मास्तर चाचरत म्हणाला, ते नवीन आहेत. मग तर तुम्ही काय शिकवता ते बरोबर कळेल, आजी म्हणाली. घरमालकाच्या अंगात शाळेतलं थोडं इंग्रजी होतं, आणि ते दाखवायची हौस त्याहून मोठी. त्याने काडी खिशात ठेवली. घसा खाकरून जे काय वर आलं ते गिळलं. कालच्या त्याच्या दिवसात सांगण्याजोगं एकच घडलं होतं.

"यस्टरडे सर केम टु माय हाऊस. सर सेड, टुमॉरो गेस्ट्स. सर आस्क्ड मी, प्लीज सिट इन क्लास. आय ब्रॉट ऑल नेबर्स."

मास्तराचं तोंड त्याच्या फडक्यासारखं झालं. बाकी वर्ग ढिम्म. नातीने मान वर केली, गोड हसली आणि टाळ्या वाजवल्या.

"व्हेरी नाइस," म्हणाली.

आजीने एकदा त्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं, एकदा या हसऱ्या. मेळ बसेना. तिने घरमालकाला तेच आपल्या भाषेत सांगायला लावलं.

तो अजून खुशीतच होता. काल सर माझ्याकडे आले, म्हणाला. उद्या पाहुणे यायचेत, वर्गात येऊन बसा म्हणाले. मग मीच सगळ्या शेजाऱ्यांना गोळा करून... इथे त्याची जीभ टाळूला चिकटली.

आजी उठली. खुर्च्या मागून आणलेल्या, माणसं मागून आणलेली. नवरामुलगा तरी स्वतःचा आहे, की तोही शेजारून आणलाय, तिने विचारलं. नातीला म्हणाली, चल, या उकिरड्यावर घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही.

मास्तर आडवा आला नाही. फडकं खाली ठेवून तो हळूच बोलला.

"आजी, वर्ग खोटा. कबूल. पण यांनी हेच इंग्रजीत सांगितलं, तेव्हा तुमच्या नातीने टाळ्या वाजवल्या."

आजीने नातीकडे पाहिलं. नात स्वतःच्या चपलांकडे पाहत होती. निघतानाची डोकेदुखी आजीला कळली. फोनवरचं 'यस, यस' कळलं. मघापासून नाकात बसलेला कुबट वास आपल्याही घरातून आलाय, तेही कळलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

दारापर्यंत गेलेली आजी मागे फिरली. नातीचं मनगट धरून तिने तिला पहिल्या बाकापाशी आणलं.

"सरका हो दातकोरे," ती म्हणाली. "एक तरी खरं शिकणारं माणूस बसू दे."