सुबोधचं सर्टिफिकेट

सुबोध निगेटिव्ह निघाला. पेढे आले, सोफ्यावरची त्याची उशी परत बेडरूममध्ये गेली. आता हे विसरायचं, कारण असा रिपोर्ट कुठल्याही लॅबने कधी दिलाच नव्हता. मनोरीचा समुद्रकिनाराही विसरायचा. तिथे तर तो गेलाच नव्हता. घरी त्याने नाशिकचं ट्रेनिंग सांगितलं होतं.

मनोरीच्या कॉटेजवर ऑफिसच्या पोरांबरोबर गेला असताना एका बाईसोबत त्याची एक रात्र गेली. तिचं नाव विचारायला तो विसरला. मेडिकलमध्ये सहज मिळणारी एक वस्तू घ्यायलाही विसरला. बाकी पिकनिक झकास झाली. परतीच्या बोटीत मात्र त्याला सगळं एकदम आठवलं.

घाटकोपरला पालिकेच्या दवाखान्यात एचआयव्हीची चाचणी फुकट होते, नावही गुप्त ठेवतात. पण केसपेपरच्या खिडकीवर त्याच्याच मजल्यावरच्या रत्नप्रभा वहिनी बसतात. नाक्यावरचा लॅबवाला मंडळाचा खजिनदार. बायको दिशाला त्याने सांगितलं, पाठ धरलीय, आणि तो हॉलमधल्या सोफ्यावर झोपू लागला.

पुढच्याच रविवारी माघी गणपतीनिमित्त मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. सेक्रेटरी हर्षद त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"बाटली घेतली की सगळं चेक करतात रे," हर्षद म्हणाला. "कावीळ, मलेरिया, एचआयव्ही, सगळं. काय निघालं तर ब्लड बँकेतून फोन येतो. नाय आला तर तू सोन्यासारखा."

सुबोधला वाटलं, देव पावला. फुकटात चाचणी, वर स्टीलचा डबा भेट. डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडच्या काळात कोणा अनोळखी व्यक्तीशी संबंध?" सुबोधने तोंड उघडायच्या आत मागून हर्षद बोलला, "काय डॉक्टर, आमचा सुबोध आहे तो. देवमाणूस." मग देवमाणसाने नकारार्थी मान हलवली आणि बाही वर केली.

फोन आला नाही. एका अनोळखी नंबरवरून क्रेडिट कार्डवाली मुलगी बोलली, तेव्हा ती ब्लड बँकेतली नाही या आनंदात त्याने इतक्या प्रेमाने नकार दिला, की तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. पंधरवड्यानंतर तो पेढे घेऊन आला.

"पाठ बरी झाली वाटतं?" दिशाने विचारलं.

"रक्त दिलं ना. त्याने होते म्हणतात."

त्याची बाटली कोणाला चढली, हे त्याने विचारलं नाही. सर्टिफिकेटवर नगरसेवकाचा फोटो मोठा होता, सुबोधचं नाव लहान. दिशाने तरीही ते लॅमिनेट करून टीव्हीशेजारी लावलं. सोसायटीच्या पतपेढीत ती अर्ज टाइप करायची, सही-शिक्क्याच्या कागदावर तिचा विश्वास होता.

मे महिन्यात ती पालिकेच्या दवाखान्यात नाव घालायला गेली. तिसरा महिना होता. गरोदर बाईच्या सगळ्या तपासण्या होतात, तशा तिच्याही झाल्या. समुपदेशक प्रियंका मॅडमनी तिला आत बोलावलं, दार लावलं, आणि पंखा उगाचच बारीक केला.

"तीन वेगवेगळ्या किटवर पाहिलं, दिशाताई. एचआयव्ही आहे. आजपासून गोळ्या सुरू करू. नेमाने घेतल्या तर बाळ ठणठणीत होऊ शकतं, तुम्हीही. आता मिस्टरांना घेऊन या."

दिशाने बराच वेळ आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिथे अर्धा मोर होता. कॉलेजात असताना मालवणच्या जत्रेत गोंदवून घेतलेला. पिसाऱ्यापर्यंत आल्यावर आई शोधत आली, म्हणून अर्धाच.

"ह्याचीच सुई असणार," ती म्हणाली. "त्यांना नका बोलावू. त्यांचं रक्त तपासलेलं आहे. घरी सर्टिफिकेट आहे."

"गेल्या वर्षी तुमचा गर्भ पडला, तेव्हा इथेच ही चाचणी झाली होती. निगेटिव्ह होती. मोर तर त्याच्या आधीचा ना?"

दिशाने बांगड्या मोरावर ओढून घेतल्या.

"मिस्टरांनी रक्त कधी दिलं?"

"माघी गणपतीला."

"मग ऐका. लागण झाली की लगेच चाचणीत दिसत नाही. सुरुवातीचे काही आठवडे असे असतात की आजार अंगात असतो आणि रिपोर्ट कोरा येतो. दीड महिन्याने बरंचसं कळतं, तीन महिन्यांनी पक्कं. त्या रक्तदानाच्या जरा आधी काही घडलं असेल, तर ते सर्टिफिकेट त्याबद्दल काहीच सांगत नाही. त्याच्या आधी कुठे बाहेरगावी गेले होते?"

"आदल्याच आठवड्यात. नाशिकला. ट्रेनिंगला."

हे सांगताना दिशा थांबली. नाशिकहून आलेली बॅग तिनेच रिकामी केली होती. तळाशी मूठभर वाळू निघाली होती, आणि तिच्यात एक शिंपला. गोदावरीची, असं सुबोध म्हणाला होता. तिला शिंपला आवडला होता. तिने तो देव्हाऱ्यात ठेवला होता.

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. दिशाने तो घेतला नाही. पदर नीट केला, खुर्चीत सरळ बसली आणि पतपेढीत अर्ज वाचून दाखवायची त्याच आवाजात म्हणाली,

"मॅडम, लिहून घ्या. अर्जदारास सदर आजार मोरापासून झाला असल्याची नोंद व्हावी, आणि पती नाशिकलाच गेले होते, असं ग्राह्य धरण्यात यावं, ही नम्र विनंती."