प्रमाणित हात

उष्टावणासाठी अक्कानं वाटीत खीर वाढली. बोटातली सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या ओठांना लावायचा मान मामाचा, म्हणजे सिद्रामचा. पण त्याचा हात वाटीपाशीच अडला. तो हॉटेलात आचारी; आचाऱ्यांना प्रमाणपत्रासाठी सक्तीचं असलेलं स्वच्छतेचं प्रशिक्षण परवाच ऑनलाइन, थेट त्याच्या हातांत उतरवलं होतं. तेव्हापासून नियमाबाहेरचं काही करायचं म्हटलं की हात त्याचं ऐकत नसत.

"भरव की रे," अक्का म्हणाली.

त्यानं जोर लावला. हातांनी मात्र अंगठी काढून ठेवली, वाटी उचलली आणि सकाळपासून उघड्यावर असलेली खीर बेसिनमध्ये ओतली.

"अक्का, मी नाही गं हे करत."

अक्काच्या सासूबाईंनी बाळाला उचलून आत नेलं. सिद्रामचे हात नळाखाली साबण लावून एकमेकांना चोळत राहिले, पूर्ण वीस सेकंद. तेवढा वेळ सगळ्या घराकडे पाठ करून त्याला तिथंच उभं राहावं लागलं.