जुन्या गल्लीतून

"सायकलची घंटी तेवढी राहू दे गं. जुन्या गल्लीतनं जाताना वाजवावी लागती," शेजारच्या सीताबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसले. तळं झालं तेव्हा ती गल्ली पाण्याखाली गेली. यंदाच्या दुष्काळात तळं आटलं आणि घरांची नुसती जोती उघडी पडली. "तिथं आता कोण राहतंय, मावशी?" दूध सोसायटीनं पोरांची सायकल शर्यत त्याच कोरड्या तळ्यात ठेवली होती आणि माझ्या सुमेधला पहिलं यायचं होतं. मामानं पुण्याहून धाडलेल्या जुन्या बीएमएक्स सायकलचं मडगार्ड, स्टँड, घंटी, सगळं आम्ही मायलेकांनी उतरवलं, चेन ताणली, चाकांत कडक हवा भरली. सरावाला तो तळ्यात उतरला. मी बांधावरून बघत राहिले. सुसाट निघालेला सुमेध गल्लीच्या तोंडाशी हळू झाला आणि बाजारच्या गर्दीतून वाट काढावी तसा रिकाम्या मातीवर डावी-उजवीकडं वळू लागला. "सरका की, काकू!" त्याचा आवाज वर आला. मग तो उतरला, ठेंगण्या दारातून आत जावं तसा वाकून एका जोत्यावर चढला आणि ओंजळ तोंडाला लावली. मी धावत पोचले तेव्हा त्याची हनुवटी ओली होती. "लई गार पाणी दिलं त्यांनी, आई." तेव्हापासून त्यानं घरच्या माठाला हात लावलेला नाही. मी सोसायटीवाल्यांना सांगून बघितलं, पण रविवारी शर्यत झालीच. भूमपासून ईटपर्यंतच्या गावांतली पोरं त्या गल्लीतून गेली. तुमचं त्यात असेल, तर ते घरचं पाणी पितंय का, तेवढं आजच बघा.