लुगडं-चोळी

"आधी तेल तळहातावर घे, एकदम लेकराच्या अंगावर वतू नको," सुमनबाई फोनकडं बघून म्हणाल्या.

जवळा बाजारच्या घरात, ओसरीवर, त्या पाय लांब करून बसल्या होत्या. सून साधना समोर फोन धरून उभी. फोनच्या काचेत शेजारची शिवकन्या, परदेशातल्या तिच्या न्हाणीघरात, तशीच पाय पसरून बसलेली. तिच्या नडग्यांवर तान्हं पोरगं लाल होऊन रडत होतं.

"निसटून राहिलं हे, मावशी. तुमी पायजे होत्या हितं."

सुमनबाई विमानानं तिथवर गेल्याच होत्या. तिथल्या विमानतळावरूनच त्यांना माघारी पाठवलं.

"मावशी म्हणून सांगा, एवढंच शिकवलं होतं आत्याबाई तुमाला," साधनाचा राग अजून उतरला नव्हता.

"सांगितलं की. विमानतळावरच्या हिंदी बोलणाऱ्या बाईनं इचारलं, सख्खी का? म्हनलं, न्हाई. बाळंतीण न्हाऊ घालायला आले. मग म्हनली, त्याचं काय मिळतं? म्हनलं, लुगडं-चोळी."

"तितंच चुकलं! काही घेतलं की त्यांच्यात ते काम झालं. अन् पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाला तिकडं काम करता येत न्हाई. फुकट करते म्हणायचं होतं."

"फुकट?" सुमनबाईंनी मान हलवली. "बाळंतिणीच्या घरून रिकाम्या हातानं उठू न्हाई, लेकराला बरं नसतं. अन् सोमवार होता. उपासाच्या तोंडानं खोटं कसं बोलावं?"

साधनानं फोन दुसऱ्या हातात धरला. सुमनबाई हळू म्हणाल्या, "बोलायला पायजे होतं. महादेवानं माफ केलं असतं मला. आई न्हाई त्या पोरीला."

तिकडं बाळ घसरलं. शिवकन्येनं ते कसंबसं सावरलं, टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. तिचाही श्वास चढला होता.

"राहू द्या मावशी. नुसतं पुसून घेत जाते. हितल्या नर्सबी तेच सांगतात."

"बरं बाई. डोकं झाक त्याचं."

फोन बंद झाला. साधना आत गेली.

दाखवण्यापुरतं वाटीत घेतलेलं तेल अजून कोमट होतं. सुमनबाईंनी त्यात बोटं बुडवली, तळहात एकमेकांवर चोळले आणि दोन्ही हात पायांवर अलगद धरले. मधे एक डोकं मावेल एवढी जागा ठेवून.