तळ्यावरचं झाकण

"वास येतोय काय रं अजून?" रामलिंगनं पुन्हा विचारलं.

तळ्यावरच्या गडी जोतीरामनं नाक वर करून हुंगलं. "न्हाय सायेब. नुसता चुन्याचा येतोय."

रामलिंग डिस्टिलरीचा मॅनेजर. मळीच्या पाण्याचं तळं त्याच्या क्वार्टरला लागूनच होतं. त्या वासाला कंटाळून त्याची बायको शांतव्वा पोरांना घेऊन दिवाळीला कुरुंदवाडला माहेरी गेली, ती आलीच नाही. "तळ्यावर झाकण बसलं की येते," एवढंच तिचं म्हणणं. एकट्यानं जेवायला बसलं की घास घशाखाली उतरत नाही, हे तिला कोण सांगणार?

झाकणाचा खर्च कारखान्याला झेपत नव्हता. पण २००६ साल होतं. तळ्यातून हवेत जाणारा गॅस झाकणाखाली अडवायला परदेशी कंपन्या पैसे देऊ लागल्या होत्या. तशाच एका कंपनीच्या सुष्मिता मॅडम आज पाहणीला येणार होत्या.

तपासणी म्हटली की इथली रीत ठरलेली. घाण झाकायची, पाहुण्याला चकचकीत दाखवायचं. रामलिंगनं आठवडाभर ट्रॉलीनं चुना आणून तळ्यात ओतला होता. एरवी बुडबुड्यांनी खदखदणारं तळं आता गप्प पडलं होतं. गप्प नव्हता तो रामलिंग. फाटक ते तळं, तळं ते फाटक, चालून त्याच्या चपलेचा अंगठा तुटायला आला.

मॅडम आल्या त्या चहाला नको म्हणत थेट काठावर गेल्या. पाण्यावर एक पालथा डबा तरंगत सोडून त्याच्या नळीला त्यांनी मीटर जोडला. रामलिंग मनातल्या मनात बसवण्णांचा धावा करू लागला.

काटा हलला नाही.

"पाण्यात काही टाकलंय का?" मॅडमनी विचारलं.

"छे वो! हाय तसंच हाय की."

"नक्की? टाकलं असेल तर सांगा. मी पुन्हा येऊन मोजते."

पुन्हा हा जिवाला घोर कुणाला हवा होता?

"पोरांची शपथ, मॅडम. बारा म्हैने असंच असतंय."

जोतीराम दुसरीकडे बघू लागला. मॅडमनी मीटर पेटीत ठेवला. रामलिंगला राहवेना. बाजूला होऊन त्यानं कुरुंदवाडला फोन लावला.

"बोचकं बांध गं. झालं काम!"

तो हसत परतला, तेव्हा मॅडम जीपमध्ये बसत होत्या.

"अभिनंदन, साहेब. असं तळं मी पहिल्यांदाच पाहिलं. इथून गॅसच निघत नाही. मग आम्ही अडवायचं काय आणि पैसे द्यायचे कशाचे?"