वहिनींच्या हातचे बोर्ड

बाहेरच्या कारखान्यानं नमुना म्हणून पाठवलेले सर्किट बोर्ड दीर एकेक करून भिंगाखाली धरत होता. समोर बसलेल्या वहिनी मनातल्या मनात म्हणत होत्या, चांगले निघू देत. लगेच दुसरं मन म्हणत होतं, नको रे बाबा.

यांचा कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. तान्ह्या बाळाचा श्वास झोपेत अडला तर वाजणारं छोटंसं यंत्र तिथं बनायचं. मागणी थोडी, त्यामुळे बोर्डावरचं सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूनं तारा जोडायचं काम, वहिनी हातानंच करायच्या. आता ते काम बाहेर द्यायचं की घरीच ठेवायचं, हे आज ठरवून कळवायचं होतं.

आणि वहिनींना दिसत नव्हतं. चष्मा बदलून झाला, दिवा जवळ ओढून झाला. बोर्डावरच्या बारीक तारा एकमेकींत मिसळायच्या त्या मिसळायच्याच. नखानं चाचपून त्या काम रेटत होत्या आणि कुणाला कळू देत नव्हत्या. हे टेबल गेलं की आपण घरात नुसतं खाणारं तोंड, ही एक भीती. दुसरी तिच्याहून वाईट होती. कच्चा राहिलेला जोड तपासणीत सापडतोच असं नाही. दिवा लागतो, यंत्र वाजतं, माल रवाना होतो, आणि पुढे कधीतरी तो जोड सुटतो. मग यंत्र वाजायच्या वेळी वाजत नाही.

"हा बघा," दीर खुशीत म्हणाला. "याच्यावर सोल्डर सांडलंय. म्हटलं नव्हतं मी? परक्याला काय पडलीय."

"एकच ना? बाकीचे?"

"बाकीचे बरे आहेत," त्याला कबूल करावं लागलं.

"मग आता माझेही बघा की भिंगातून."

दीर हसला. एरवी हा माणूस ताकही फुंकून पिणारा. दुसऱ्या कुणाचाही बोर्ड भिंगाखालून गेल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. पण सोल्डरिंग त्याला शिकवलं होतं वहिनींनी, आणि त्यांच्या कामावर भिंग धरायचं म्हणजे आईनं निवडलेल्या तांदळात खडे शोधायचे, असं त्याला वाटायचं. त्यांचे बोर्ड न बघताच यंत्रात बसायचे. याला तो मान ठेवणं म्हणायचा.

"तुमचे काय बघायचे, वहिनी. ठरलं. काम घरीच राहणार." त्यानं बाहेरच्या लोकांना कळवायला फोन उचलला.

वहिनींना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"आणि हो," नंबर लावता लावता तो म्हणाला, "उद्या आमच्या छकुलीला दवाखान्यातून घरी सोडतायत. दिवस भरायच्या आधी आलेलं पोर, डॉक्टर म्हणाले पाळण्यापाशी यंत्र हवंच. तुमच्या हातचा बोर्ड घालतो त्यात. घरचा हात असला की मलाही झोप लागेल."

 वहिनींनी टेबलाची कड घट्ट धरली.

"तिला बाहेरचा घाला."

"काय?"

"मला दिसत नाही, भाऊजी. बरेच दिवस झाले. माझा नको, तिला बाहेरचा घाला. हात जोडते तुम्हाला."

फोनवर पलीकडून कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. दीरानं फोन बंद केला आणि खाली ठेवला. 

"आणि गेल्या महिन्यात गेली ती यंत्रं?" त्यानं विचारलं. 

"भीती तेव्हाही वाटायची," वहिनी म्हणाल्या. "पण त्या बाळांची तोंडं मी पाहिली नव्हती."